पावणेसातची ओळ

४ मार्च

मामा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण सध्या आडवी पडले तर पुन्हा उठेन याची खात्री नाही. तेव्हा नुसताच नमस्कार घे.

तू डॉक्टरांच्या बाजूने कोर्टात उभा राहतोस हे मी आजवर मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे. आता ते स्वतःसाठी सांगायची वेळ आली आहे. काल दुपारी ओपीडी भरलेली असताना नोटीस आली. ऑक्टोबरमध्ये मी एका बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं होतं. चौतीस वर्षांच्या, शाळेत गाणं शिकवायच्या. ऑपरेशन सरळ झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पोटात दुखायला लागलं, रात्रीतून आतल्या आत रक्तस्राव झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या गेल्या. त्यांच्या नवऱ्याने दावा लावलाय. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. नोटिशीत ‘निष्काळजीपणा’ हा शब्द नऊ वेळा आलाय. मी मोजला.

नुकसानभरपाईचं विमा कंपनी बघेल म्हणतात. पण सोबत लायसन्स रद्द करण्याची तक्रारही आहे. मामा, मला दुसरं काहीही येत नाही रे. चाळिशी उलटली तरी धड स्वयंपाक येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. हात चालतात तेवढंच.

आईला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझी,
चिंगी

९ मार्च

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद आणि सोबत एक दटावणी.

चार दिवसांत तू मला अकरा वेळा फोन केलास. एकही उचलला नाही, आणि पुढेही उचलणार नाही. केसबद्दल फोनवर बोलायचं नाही, मेसेज तर मुळीच करायचा नाही. मेसेज गावभर फिरतो. वकिलाला लिहिलेलं पत्र मात्र कोर्टसुद्धा उघडून मागू शकत नाही. म्हणून यापुढे प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ‘माझ्या वकिलास, गोपनीय’ असं लिहीत जा आणि खाली पोटातलं सगळं लिही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या पोटावर पाय देणारी म्हण आहे ही, पण खोटी नाही. आता तुला ती चढावीच लागणार, तर माझा हात धरून चढ. तीस वर्षांत मी शंभरएक डॉक्टर या पायरीवरून सुखरूप खाली उतरवलेत. ते सगळे निर्दोष होते असं नाही. पेशंट दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, असं कायदा म्हणत नाही. डॉक्टरने शहाण्या माणसासारखं वागायला हवं होतं, एवढंच तो म्हणतो.

केसपेपरची झेरॉक्स पाठव. मूळ कागदाला हात लावू नकोस. त्या नवऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. हॉस्पिटलातल्या कुणाशीही यावर चकार शब्द बोलू नकोस. आणि त्या संध्याकाळी काय झालं ते मला सविस्तर लिही.

ताईला सांगितलेलं नाही. पण ती परवा विचारत होती, चिंगीचा आवाज असा का येतो म्हणून. मी सर्दीवर ढकललं.

मामा

१५ मार्च
माझ्या वकिलास, गोपनीय

मामा,

झेरॉक्स सोबत आहे. एकूण चौदा पानं. बहुतेक अक्षर माझं आहे, त्यामुळे तुला ती लागणार नाहीत, पण दुसरा इलाज नाही.

संध्याकाळचं लिहिते. सहा वाजून दहा मिनिटांनी मोठ्या सिस्टरचा फोन आला. पोटात दुखतंय, नाडी शहाण्णव. मी इंजेक्शन सांगितलं आणि येते म्हणाले. पावणेसातला जाऊन पाहिलं. पोट मऊ होतं, नाडी चौऱ्याऐंशी. काळजीसारखं काही नव्हतं. रात्री लक्ष ठेवा, गरज पडली तर कळवा, असं लिहून ठेवलं. पहाटे पाचला फोन आला. मी वीस मिनिटांत पोचले, पोट पुन्हा उघडलं, पण उशीर झाला होता. एवढंच.

मोठ्या सिस्टरबद्दल तुला पूर्वी सांगितलंय. मी नवशिकी असताना पहिल्यांदा सुई हातात धरून पेशंटपेक्षा जास्त घाबरले होते, तेव्हा ज्यांनी मागून माझं मनगट धरलं त्या याच. त्या दिवशी दुसरी सिस्टर आली नव्हती म्हणून त्यांनी संध्याकाळ आणि रात्र दोन्ही ड्युट्या केल्या. नोटीस आल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. दुपारचा डबा आम्ही बारा वर्षं एका टेबलावर खातो. आता त्या आधीच जेवून घेतात.

हे तुझ्या कामाचं नाही. उगाच लिहिलं.

चिंगी

२८ मार्च

चिंगे,

काम फत्ते! मामीला चहा टाकायला सांगून मग हे पत्र लिहायला बसलोय.

तुझी ती पावणेसातची ओळ म्हणजे आपली तटबंदी आहे. डॉक्टरला फोन आला, पस्तीस मिनिटांत डॉक्टर हजर झाली, तपासलं, नोंद केली, ‘गरज पडल्यास कळवणे’ अशी सूचना दिली. आणखी शहाण्या माणसाने काय करायचं असतं? त्यानंतर रात्रभर केसपेपरमध्ये डॉक्टरला कळवल्याची एकही नोंद नाही. एकदम पहाटे पाचला. म्हणजे कोण चुकलं हे आपण सांगायची गरजच नाही, कागदच सांगतो.

नोटिशीतल्या सातव्या परिच्छेदात नवरा म्हणतो की तो पाच ते आठ कॉटजवळ बसून होता आणि डॉक्टर आलीच नाही. बिचारा. दुःखात माणसाला वेळेचं भान राहत नाही. कोर्टात हे मी हळुवारपणे पुढे आणीन.

कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, सोबत आहे. शेवटून दुसऱ्या पानावर फुली मारलीय तिथे सही कर. त्यात सिस्टरने कळवण्यात कसूर केली असं म्हटलंय. वाचताना घास अडकेल तुझा, पण गिळ. दावा तिच्यावर नाही, तुझ्यावर आहे.

मामा

२ मे
माझ्या वकिलास, गोपनीय

मामा,

सही केलेली कैफियत तुला एप्रिलमध्येच मिळाली. सोबत पत्र नव्हतं, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आजही सुचत नाही.

मोठ्या सिस्टरना कामावरून थांबवलंय. हॉस्पिटलच्या चौकशी समितीने आपली कैफियत वाचली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना घरी बसवलं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. जाताना त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला, सगळ्या किल्ल्या लेबलं लावून ठेवल्या आणि माझ्या दारात येऊन म्हणाल्या, “येते हं, डॉक्टर.” मी “हो” म्हणाले. बारा वर्षांनी माझ्या तोंडून निघालं काय, तर “हो”.

झोप येत नाही. आली की दचकून उठते आणि फोन बघते. गेल्या आठवड्यात दोन ऑपरेशनं पुढे ढकलली, कारण सांगितलं ताप. आई म्हणाली, डॉक्टर असून तुला महिनाभर सर्दी आणि ताप कसा? मी हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

समजा, मामा, सिस्टरवर काही न ढकलता केस लढायची असेल तर? समजा ती पावणेसातची ओळ बाजूला ठेवली, तिच्यावर आपण भर दिलाच नाही, तर काय उरतं? नुसतं समजा.

चिंगी

१० मे

चिंगे,

‘समजा’ हा शब्द अशिलाने वापरायचा नसतो. तो वकिलांचा शब्द आहे, त्याचे आम्ही पैसे घेतो.

तुला एक गोष्ट सांगतो, नीट ऐक. मी अशिलाला ‘खरं काय झालं’ असं कधीच विचारत नाही. मी विचारतो, कागदावर काय आहे. एकदा एखादी गोष्ट माझ्या कानावर पडली की ती पडली नाही असं मला करता येत नाही. मग मी तुला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून त्याच्या उलट वदवून घेऊ शकत नाही. तेव्हा पुढचं पत्र लिहिण्याआधी विचार कर.

पण एक प्रश्न मला विचारावाच लागतोय. सिस्टरचा चौकशी समितीपुढचा जबाब माझ्या हाती आलाय. दीड पानाचा आहे. तुझ्याविरुद्ध त्यात अवाक्षर नाही. मात्र शेवटी त्या म्हणतात, “आमच्या वॉर्डात दिवसाच्या नोंदी निळ्या शाईत, संध्याकाळच्या हिरव्या आणि रात्रीच्या लाल शाईत होतात. लाल पेन रात्री आठला ड्युटी बदलताना कपाटातून निघतं, त्याआधी नाही. डॉक्टर स्वतःच्या काळ्या पेनने लिहितात. समितीने मूळ कागद बघावा, एवढीच विनंती.”

समितीने काही तो बघितला नाही. माझ्याजवळ झेरॉक्स आहे, आणि झेरॉक्समध्ये सगळंच काळं दिसतं. पण कोर्टाने मूळ केसपेपर मागवलाय. २४ जूनला तो न्यायाधीशांच्या टेबलावर असेल.

मूळ कागदात असं काही आहे का, जे माझ्या हातातल्या कागदात दिसत नाही? एका शब्दात उत्तर दे.

मामा

१४ मे
माझ्या वकिलास, गोपनीय

मामा,

आहे.

एका शब्दात उत्तर मागितलंस, दिलं. आता बाकीचं ऐकावंच लागेल तुला. तुझ्याशिवाय मी कुणाला सांगू?

मी त्या संध्याकाळी गेलेच नव्हते. आदल्या दिवसापासून ओळीने सात ऑपरेशनं झाली होती. पाच वाजता घरी आले होते. सिस्टरचा फोन आला तेव्हा “येते” म्हणाले आणि ते खरं होतं. बूट घालायला खुर्चीत बसले. एक बूट घातला. पहाटे पाचला फोन वाजला तेव्हा मी त्याच खुर्चीत होते, एक बूट पायात, एक हातात. फोनवर आधीचे दोन मिस्ड कॉल होते, नऊ वाजताचा आणि नऊ वाजून पाच मिनिटांचा. सिस्टरने कळवलं होतं, मामा. दोनदा कळवलं होतं. आणि मी उचलला नाही ही नोंद त्यांनी केसपेपरमध्ये केली नाही, माझ्या अंगाशी येईल म्हणून. तू म्हणालास, कळवल्याची एकही नोंद नाही, कागदच सांगतो. त्यांनी मला झाकलं आणि मी त्याच झाकलेल्या जागेवर त्यांना उभं करून सही केली.

साडेसहाला बाई गेल्या. सातला मी वॉर्डातल्या टेबलाशी कागद पूर्ण करायला बसले. आम्ही सगळेच बसतो. पेशंट घरी जावो नाहीतर वर, कागद पूर्ण करायचे असतात. माझं पेन कोटात, कोट ऑपरेशन थिएटरात. टेबलावर रात्रीचं पेन पडलं होतं, ते उचललं. सिस्टरच्या पानावर ‘डॉक्टर येते म्हणाल्या’ लिहिलेलं दिसलं आणि त्याखाली मोकळी जागा दिसली. पुढचं हाताने आपोआप लिहिलं. पोट मऊ. नाडी चौऱ्याऐंशी. जे पोट मी हाताने चाचपलंच नाही, ते मी मऊ लिहिलं. लाल शाईत. रंग माझ्या डोक्यातही आला नाही.

फोन आल्याबरोबर मी गेले असते तर त्या वाचल्या असत्या का? मी हा प्रश्न दिवसातून शंभर वेळा सोडवते. कधी वाचतात, कधी नाही वाचत.

मला यातून सोडव. कसं ते मला माहीत नाही. मला आता काहीच माहीत नाही.

चिंगी

१९ मे

चिंगे, बाळा,

पत्र तीनदा वाचलं. मग मामीने हातातून काढून घेतलं आणि पंखा लावला.

आधी माझा गुन्हा सांगतो. डॉक्टर झालीस तेव्हा तुला पेन मी दिलं होतं. सोन्याच्या निबचं. तेरा पानांवर त्या निबची जाड-बारीक रेघ आहे आणि सिस्टरच्या पानावरच्या तुझ्या त्या एका ओळीत बॉलपेनची सरळसोट. झेरॉक्समध्ये रंग दिसत नाही, रेघ दिसते. मार्चमध्ये पहिल्याच दिवशी मी ती पाहिली, आणि पान उलटलं. मामीला चहा टाकायला सांगितला. तीस वर्षांत हेच शिकलो मी: जे विचारलं तर खरं उत्तर मिळेल, ते विचारायचं नाही. नवऱ्याला वेळेचं भान नाही असं लिहिलं. अगं, तो घड्याळं दुरुस्त करतो!

तू मला ऑक्टोबरात म्हणाली असतीस की मी दमून झोपले, तर ते मी लढवलं असतं. सलग सात ऑपरेशनं, बदलीला माणूस नाही, झोप आवरली नाही. थोडा ठपका आला असता, भरपाई गेली असती, तुझे हात तुझ्याकडे राहिले असते. चूक लढवता येते. ती ओळ लढवता येत नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आता दोन वाटा आहेत. पहिली वकिलाची. २४ जूनच्या आत तडजोड. विमा कंपनी तयार होईल, मी चाचपलंय. नवऱ्याने रक्कम घेतली की दावा संपला, लायसन्सची तक्रारही मागे. मूळ कागद उघडलाच जाणार नाही. तू वाचतेस. सिस्टर घरीच बसतात.

दुसरी वाट म्हणजे दुरुस्त कैफियत. तू कोर्टात उभी राहून जे मला लिहिलंस ते बोलायचं. त्यानंतर लायसन्स टिकेल असं मी तुला सांगू शकत नाही. बहुधा नाही टिकणार. कागदात फेरफार, त्यावर खोटी कैफियत. माझ्यावरही शिंतोडे उडतील, त्याची फिकीर करू नकोस, माझी उन्हं आता मावळतीकडेच झुकलीत.

वकील म्हणून मी पहिली वाट सांगतो. मामा म्हणून काय सांगू ते मला कळत नाहीये. जूनच्या पाच तारखेपर्यंत कळव.

मामा

३ जून
माझ्या वकिलास, गोपनीय

मामा,

रागाव, पण तुझं ऐकलं नाही. मी त्यांच्या दुकानात गेले होते.

दहा दिवस तडजोड करायची असंच ठरवत होते. रोज सकाळी ठरवायचे. पत्रही लिहिलं होतं, ‘पहिली वाट’ एवढंच. पोस्टात टाकायला निघाले आणि पाय तिकडे वळले. दुकान म्हणजे एक काउंटर आणि मागे एक माणूस मावेल एवढी जागा. भिंतीवर वीसेक घड्याळं, आणि सगळी एकच वेळ दाखवत होती. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि मला ओळखलं. बसायला स्टूल दिलं. मामा, त्यांनी मला स्टूल दिलं.

मी म्हणाले, “मी त्या संध्याकाळी आले नव्हते.”

ते म्हणाले, “मला माहितीये. मी तिथंच होतो.”

मग बराच वेळ एका घड्याळाचं झाकण लावत राहिले. म्हणाले, “सिस्टर सांगून गेल्या, डॉक्टर येतायत. ही दर पाच मिनिटांनी विचारायची, किती वाजले. मी सांगायचो. पावणेसातला पण सांगितलं.”

मी रडत होते. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, “मी कोर्टात जाणारच नव्हतो, डॉक्टर. माणसं दमतात, मला कळतं. दोन आठवड्यांनी तिच्या शाळेत द्यायला कागद आणले, त्यात वाचलं, पावणेसातला पाहिलं, पोट मऊ. मी चारदा वाचलं. म्हटलं, मी वेडा झालो की काय? मी बसलो होतो ना तिथं? त्या दिवसापासून माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही. वकिलाकडे गेलो ते पैशासाठी नाही. मला एवढंच पाहिजे होतं, कुणीतरी सांगावं की मी बरोबर पाहिलं.”

ती ओळ मी दाव्यापासून वाचायला लिहिली होती. दावा त्या ओळीनेच आणला.

निघताना ते म्हणाले, “त्या दिवशी सकाळी मी बाहेर बाकावर होतो. तुम्हाला बघून उठलो होतो. तुम्ही मान खाली घालून टेबलाकडे गेलात. मला वाटलं, येतील आता.”

मामा, दुसरी वाट. हात गेले तर गेले. मी आईला आज सांगणार आहे, आणि सर्दी नव्हती हेही.

चिंगी

२९ जून
कुणीही वाचलं तरी चालेल

मामा,

तू शेजारीच उभा होतास, तरी लिहिते.

न्यायाधीशांनी मूळ पान उजेडाकडे धरलं तेव्हा ती ओळ मलाही आठ महिन्यांत पहिल्यांदा दिसली. किती लाल आहे रे ती. “पावणेसातला आपण कुठे होतात?” असं त्यांनी विचारलं तेव्हा तुझा हात माझ्या पाठीशी होता हे मला कळलं. “घरी. झोपले होते,” म्हणाले. पुढचं सगळं तुला माहीत आहे. मला दिसत होते फक्त ते घड्याळवाले. “झोपले होते” म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, मान हलवली, आणि निकालासाठी न थांबता पिशवी उचलून गेले. तू म्हणालास की त्यांच्या वकिलाने थांबवलं तर “झालं माझं” एवढंच म्हणाले.

कालच लायसन्स देणाऱ्या वैद्यक परिषदेचं पत्र आलं. सुनावणी होईल, तोवर लायसन्स स्थगित. तोवर म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. तू अपील म्हणशील. करू नकोस एवढ्यात.

मोठ्या सिस्टरना परत बोलावलंय. कोर्टाच्या जिन्यात त्या भेटल्या. मी हात जोडले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “नऊचे दोन फोन मी लिहायला हवे होते, तेवढं माझं चुकलं. पण डॉक्टर, हे सगळं तुम्ही त्या सकाळी त्यांना बाहेर जाऊन सांगितलं असतं, तर मी तुमच्या शेजारी उभी राहिले असते.” आणि खाली उतरून गेल्या.

आज सामान आणायला वॉर्डात गेले होते. कोट, दोन पुस्तकं, तुझं पेन. टेबल तिथेच आहे आणि दाराबाहेर बाकही. कुणी नव्हतं, म्हणून चालून बघितलं. टेबलापासून बाकापर्यंत अकरा पावलं आहेत, मामा.

तुझी,
चिंगी